एडिसन ते ॲन आर्बर : निवडणुकीचा घोर लागलेल्या वाटेने

शुक्रवार, ५ जुलै २०२४ : एडिसन

भाचीला ॲन आर्बरमध्ये नोकरी लागली आणि ती विमानाने पुढे निघून गेली. तिची गाडी न्यू जर्सीतून मिशिगनपर्यंत नेऊन देण्याचे काम तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, आणि सोबतीला म्हणून माझ्याकडे आले. दहा तासांचा तो रस्ता एका दिवसात कापता आला असता. परंतु ताईंनी २००८ साली ओबामांसाठी पेनसिल्व्हेनियात दारोदार फिरून मते मागितली होती, तेव्हाच्या बऱ्याच ओळखी त्यांनी जपल्या होत्या आणि २७ जूनच्या रात्रीपासून त्या माणसांचे फोन थांबत नव्हते. तेव्हा सावकाश, मुक्काम करत जावे आणि शक्य तितक्यांना भेटावे, असे आम्ही ठरवले.

२७ जूनला अटलांटा येथे बायडेन आणि ट्रम्प यांची जाहीर वादचर्चा झाली होती. एक्क्याऐंशी वर्षांच्या अध्यक्षांचा आवाज बसलेला होता, वाक्ये मध्येच तुटत होती आणि समोरचा माणूस बोलत असताना त्यांची नजर कुठेतरी हरवल्यासारखी वाटत होती. आम्ही दोघी नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदार आहोत. ४ जूनला झालेल्या न्यू जर्सीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक मतदानात, आम्ही बायडेन यांनाच मत दिले होते. म्हणजे पक्षाच्या मतदाराला उमेदवाराविषयी जे सांगायचे, ते सांगण्याची संधी वादचर्चेच्या आधीच संपली होती. मिशिगनची प्रायमरी फेब्रुवारीत आणि पेनसिल्व्हेनियाची एप्रिलमध्ये झाली होती. फ्लोरिडात तर पक्षाने बायडेन यांच्याखेरीज दुसरे नावच पुढे न पाठवल्याने प्रायमरी झालीच नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे याच शुक्रवारी, एबीसी वाहिनीवर बायडेन यांची मुलाखत दाखवण्यात आली. प्रत्यक्ष परमेश्वराने खाली येऊन सांगितले तरच आपण माघार घेऊ, अशा आशयाचे त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी सगळीकडे गाजले. ताईंना मात्र दुसरेच उत्तर लागले. तुम्ही हरलात तर काय वाटेल, या प्रश्नावर ते म्हणाले की आपण सर्वस्व पणाला लावले असेल तर समाधान असेल. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "अगं, त्यांच्या समाधानाचा प्रश्नच कुठे आहे? हरलो तर भोगायचे आपल्याला आहे." माझ्याही मनात नेमके तेच होते. चारच दिवसांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना त्यांच्या अधिकृत कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यांपासून मोठे संरक्षण दिले होते, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेवर चालून आलेला जमाव आम्ही विसरलो नव्हतो.

शनिवार, ६ जुलै : फिलाडेल्फिया

या प्रवासाचा राजकीय नकाशा थोडक्यात सांगायला हवा. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी राज्यवार वाटलेल्या ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मते लागतात. आमच्या न्यू जर्सीची १४ मते डेमोक्रॅट पक्षालाच जाणार, असे सगळे धरून चालतात. खरा निकाल लागतो तो कुंपणावरच्या राज्यांत, आणि त्यांपैकी पेनसिल्व्हेनियाची १९ व मिशिगनची १५ मते सर्वांत मोलाची होती. २०१६ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांचे मताधिक्य ऐंशी हजारांच्याही आत होते, आणि तेवढ्यावर ते अध्यक्ष झाले. २०२० साली बायडेन यांनी तिन्ही राज्ये परत आणली. एकट्या पेनसिल्व्हेनियात त्यांना सुमारे ८०,५०० मतांची आघाडी मिळाली. फिलाडेल्फिया शहरातून भरभरून मतदान झाले नाही तर हे राज्य डेमोक्रॅट पक्षाच्या हातून जाते, हे तिथला प्रत्येक कार्यकर्ता सांगतो.

मुक्काम माउंट एअरी भागात, ताईंच्या जुन्या मैत्रिणीकडे होता. ही वस्ती शहराच्या वायव्येला आहे. १९५०च्या दशकात, कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला आली की गोरी कुटुंबे घरे विकून निघून जात, त्या काळात इथल्या रहिवाशांनी ठरवून एकत्र राहण्याचा निर्णय घेतला आणि तो टिकवला. दगडी घरे, मोठी झाडे आणि जवळपास प्रत्येक व्हरांड्यापुढे कुठल्या ना कुठल्या कारणाची पाटी. मी मुद्दाम पाहत गेले : गर्भपाताच्या हक्काच्या पाट्या होत्या, शाळांच्या निधीच्या होत्या, पण अध्यक्षपदाच्या उमेदवाराची पाटी मोजक्याच अंगणांत दिसली.

रविवार, ७ जुलै : माउंट एअरी आणि बेथलेहेम

योगायोगाने त्या सकाळी बायडेन याच वस्तीतल्या माउंट एअरी चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट या चर्चमध्ये आले. रस्ते बंद होते, त्यामुळे आम्ही जवळ जाऊ शकलो नाही. मैत्रिणीच्या शेजारीण बाई मात्र आत होत्या आणि दुपारी त्या व्हरांड्यात येऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त परिचारिका, कृष्णवर्णीय. बायडेन थोडाच वेळ बोलले, पण स्पष्ट बोलले, असे त्यांनी सांगितले. त्यांची चिंता आमच्या चिंतेहून वेगळी होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटली. बायडेन यांना बाजूला सारा म्हणणारे देणगीदार आणि स्तंभलेखक कमला हॅरिस यांचे नावसुद्धा घेत नाहीत, चार-पाच राज्यपालांची नावे मात्र घेतात, हे त्यांनी टिपले होते. उपाध्यक्षपदी निवडून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला ओलांडून तिसरेच कोणी आणले, तर आपल्या चर्चमधल्या बायका नोव्हेंबरला घरी बसतील, असे त्यांनी शांतपणे सांगितले. बायडेन थकलेत हे त्यांना दिसत नव्हते असे अजिबात नाही. तीस वर्षे म्हाताऱ्या रुग्णांची सेवा केलेल्या बाई होत्या त्या. २७ जूनच्या रात्री त्यांना काय दिसले ते त्या घरात बोलल्या होत्या, चर्चच्या अंगणात बोलणार नव्हत्या.

पुढे प्रत्येक ठिकाणी मला हाच प्रकार आढळला. माणसे स्वयंपाकघरात एक बोलत आणि उंबऱ्याबाहेर दुसरे. खोटेपणा हे त्याचे कारण नव्हते. आपण उघड बोललो तर ट्रम्प यांच्या हाती कोलीत मिळेल, ही प्रामाणिक भीती त्यामागे होती. २०२३च्या ऑगस्टमध्येच असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि एनओआरसी ही संशोधन संस्था यांच्या पाहणीत ६९ टक्के डेमोक्रॅट मतदारांनी सांगितले होते की आणखी चार वर्षे परिणामकारक काम करण्याच्या दृष्टीने बायडेन यांचे वय फार झाले आहे. म्हणजे मतदारांनी विचारल्यावर खरे उत्तर दिले होते. ते उत्तर पक्षाने कानाआड केले, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

संध्याकाळी बेथलेहेमला पोहोचलो. नॉर्थॅम्प्टन परगण्यातले हे पोलादाचे गाव. बेथलेहेम स्टीलच्या पाच प्रचंड झोतभट्ट्या अजून उभ्या आहेत. १९९५ साली त्या थंडावल्या आणि २००१ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आता तिथे संगीताचे कार्यक्रम होतात आणि शेजारी कॅसिनो आहे. जुन्या मालवाहू रुळांच्या उंच पुलावरून चालत जाता येते. त्या उंचीवरून भट्टीचे नळ अगदी हाताच्या अंतरावर येतात : माणूस आत उभा राहील एवढे रुंद, गंजाने तांबूस-काळे झालेले, आणि त्यांच्या सांध्यांतून उगवलेली हिरवी रोपे. या परगण्याने २०१२ साली ओबामांना, २०१६ साली ट्रम्प यांना आणि २०२० साली बायडेन यांना कौल दिला. तो शेवटचा कौल एका टक्क्याहून कमी फरकाचा होता. पुलावर भेटलेल्या एका माध्यमिक शिक्षकाने सांगितले की मी स्वतः डेमोक्रॅट पक्षालाच मत देणार आहे, पण या वेळी शेजाऱ्याचे मन वळवायला माझ्याकडे शब्द नाहीत. महागाईवर काही सांगायला जावे तर शेजारी वादचर्चेची चित्रफीत काढून दाखवतो.

सोमवार, ८ जुलै : स्क्रँटन

बायडेन यांचा जन्म १९४२ साली स्क्रँटनमध्ये झाला. कोळशाच्या खाणींवर वाढलेले हे गाव त्यांच्या कुटुंबाने ते दहा वर्षांचे असताना सोडले. नॉर्थ वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरचे त्यांचे बालपणीचे घर आता दुसऱ्या कुटुंबाचे आहे, त्यामुळे समोरच्या पदपथावरून पाहून पुढे जावे लागते. गावात शिरणाऱ्या द्रुतगती रस्त्याला आणि एका मुख्य रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे.

याच दिवशी सकाळी बायडेन यांनी संसदेतल्या डेमोक्रॅट सदस्यांना पत्र लिहून आपण लढण्यावर ठाम आहोत, प्रायमरीत लाखो मतदारांनी आपल्याला कौल दिला आहे आणि हा विषय आता संपला पाहिजे, असे कळवले. ताईंनी ते पत्र गाडीत मोठ्याने वाचून दाखवले. ज्या मतदारांच्या नावाने ते पत्र लिहिले होते त्यांत आम्हीही होतो. आमच्या ४ जूनच्या मताचा असा उपयोग केला जाईल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

स्क्रँटनमध्ये ज्यांच्याकडे जेवायला गेलो ते काका मूळचे सोलापूरचे, १९७०च्या दशकात इथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणून आले आणि इथेच स्थायिक झाले. काकूंनी पिठले-भाकरी केली होती. काकांचा बायडेन यांच्यावर खरा जीव होता आणि उमेदवार बदलायला त्यांचा कडाडून विरोध होता. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता : लॅकवाना परगण्यात ओबामांना २०१२ साली जवळपास सत्तावीस टक्क्यांची आघाडी मिळाली, २०१६ साली ती साडेतीन टक्क्यांपर्यंत घसरली आणि २०२० साली आठ टक्क्यांच्या पुढे सावरली. हे सावरणे म्हणजे पक्षाची पुण्याई नसून "आपला स्क्रँटनचा पोरगा" म्हणून मिळालेली मते आहेत, असे ते म्हणाले. शेजारच्या लुझर्न परगण्यात तर २०१६ साली ट्रम्प जवळपास वीस टक्क्यांनी पुढे गेले आणि तो परगणा पुन्हा परत आलाच नाही. कॅलिफोर्नियाच्या हॅरिस यांना उमेदवारी दिली की हे गावही त्याच वाटेने जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. काकूंनी मात्र ताट वाढता वाढता सांगून टाकले, "हे स्वतः अडुसष्टाव्या वर्षी शस्त्रक्रिया करायचे थांबले, हात थरथरायला लागण्याआधी. तेव्हा यांना कोणी सांगावे लागले नव्हते." काका काहीच बोलले नाहीत. कोणीही तो विषय पुढे वाढवला नाही.

मंगळवार, ९ जुलै आणि बुधवार, १० जुलै : ईरी

मंगळवारचा बहुतेक दिवस रस्त्यातच गेला. आय-८० महामार्ग टेकड्यांतून पश्चिमेकडे जातो, गावे विरळ होत जातात आणि ट्रम्प यांचे झेंडे दाट होत जातात.

ईरी हे राज्याच्या वायव्य टोकाचे, सरोवराकाठचे शहर. या परगण्याने दोनदा ओबामांना, मग ट्रम्प यांना आणि मग सुमारे चौदाशे मतांच्या फरकाने बायडेन यांना निवडले होते, त्यामुळे दर चार वर्षांनी देशभरचे पत्रकार इथे उतरतात. शहराच्या पूर्वेला, लॉरेन्स पार्कमध्ये, जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे इंजिनांचा जुना कारखाना आहे. २०१९पासून तो वॅबटेक कंपनीकडे आहे. बिहारमधल्या मढौरा कारखान्याच्या कराराची पहिली डिझेल इंजिने २०१७ साली इथूनच भारतात रवाना झाली होती. ज्या निवृत्त कामगाराच्या घरी आम्ही गेलो त्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितले. २००८ साली ताईंनी त्यांच्याच दारावर टकटक केली होती.

त्यांच्या घरातली विभागणी मला कुठल्याही पाहणीपेक्षा जास्त समजावून गेली. ते स्वतः युनियनचे जुने सभासद, कायमचे डेमोक्रॅट. थोरला मुलगा कारखान्यात आहे आणि २०१६पासून ट्रम्प यांचा मतदार आहे, कारण काम टेक्ससला हलवले जात असताना डेमोक्रॅट नेते नुसतेच बघत राहिले असे त्याचे मत. धाकटा मुलगा गोदामात काम करतो आणि मतदान करायचेच नाही म्हणतो. वडिलांना थोरल्याची काळजी नव्हती, कारण ते मत गेलेच होते. धाकट्याला मात्र गेल्या वेळी त्यांनी स्वतः गाडीत बसवून मतदानाला नेले होते. या वेळी त्याने एकच प्रश्न विचारला, की हा माणूस २०२९च्या जानेवारीपर्यंत काम करू शकेल असे तुम्हाला मनापासून वाटते का, आणि बापाला खोटे बोलता येईना. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तो पुन्हा घालायचे विसरून गेले. चौदाशे मतांनी जिंकलेला परगणा अशा किती घरांवर अवलंबून असेल, याचा विचार करत मी त्या रात्री जागी होते.

बुधवारी सकाळी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसी दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की लढायचे की नाही हा निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा आहे आणि वेळ कमी उरला आहे. अध्यक्षांनी तर दोनच दिवसांपूर्वी लेखी निर्णय कळवला होता. त्याच दिवशी, पक्षासाठी मोठा निधी उभा करणारे अभिनेते जॉर्ज क्लूनी यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून उमेदवार बदलण्याची मागणी केली. निवृत्त कामगाराला हे आवडले नाही. आपण जे वर्षभरापूर्वी म्हणत होतो ते नटाने म्हटल्यावर बातमी होते, याचे त्याला वाईट वाटले, आणि मला ते रास्त वाटले.

गुरुवार, ११ जुलै : डिअरबॉर्न

क्लीव्हलंड आणि टोलेडोवरून मिशिगनमध्ये शिरलो. डिअरबॉर्न हे हेन्री फोर्डचे गाव. आज इथली बहुसंख्य वस्ती अरब वंशाची आहे. वॉरन ॲव्हेन्यूवरच्या एका बेकरीत आम्ही झातर हा मसाला लावलेली गरम मनाकीश, म्हणजे अरबी रोटी, घेतली आणि तिथेच गप्पा सुरू झाल्या. इथली चिंता बायडेन यांच्या वयाची नव्हतीच. २७ फेब्रुवारीच्या प्रायमरीत मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी गाझातल्या युद्धाचा निषेध म्हणून 'कोणालाही बांधील नाही' या पर्यायापुढे खूण केली होती, आणि खुद्द डिअरबॉर्नमध्ये या पर्यायाला बायडेन यांच्यापेक्षा जास्त मते पडली होती. बेकरीच्या मालकीणबाईंचे दक्षिण लेबनॉनमध्ये माहेर. २०२०ला आपल्या सगळ्या कुटुंबाने बायडेन यांना मत दिले, असे त्यांनी सांगितले, आणि पुढे म्हणाल्या की लोक आता त्यांच्या अडखळण्याबद्दल बोलताहेत, पण आम्ही ऑक्टोबरपासून बोलतो आहोत आणि आम्हाला कोणी वादचर्चेत विचारलेही नाही. ट्रम्प आले तर गाझात काय होईल, असे ताईंनी विचारले. त्यांचे उत्तर होते की तो प्रश्न ज्याने माझे मत गृहीत धरले त्याला विचारा. ताई वाद घालण्यात पटाईत आहेत, पण इथे त्यांनी वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये नाटो परिषदेच्या शेवटी बायडेन यांची पत्रकार परिषद झाली. त्याआधी त्यांनी झेलेन्स्की यांची ओळख 'अध्यक्ष पुतिन' अशी करून दिली होती आणि लगेच सुधारली होती; परिषदेत हॅरिस यांचा उल्लेख 'उपाध्यक्ष ट्रम्प' असा झाला. त्यानंतर मात्र जवळपास तासभर ते परराष्ट्र धोरणावर तपशीलवार बोलले. ज्यांना लढावे असे वाटत होते त्यांनी तो तास पाहिला, ज्यांना थांबावे असे वाटत होते त्यांनी ती दोन नावे पाहिली.

शुक्रवार, १२ जुलै ते रविवार, १४ जुलै : ॲन आर्बर

गाडी भाचीच्या ताब्यात दिली. शुक्रवारी बायडेन डेट्रॉइटच्या रेनेसाँ हायस्कूलमध्ये बोलले, जोरात बोलले आणि समोरच्या गर्दीने त्यांना माघार घेऊ नका म्हणून घोषणा दिल्या. डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले, त्यामुळे इथल्या मराठी घरांत राजकारणाची चर्चा नेहमीच थोडी जास्त रंगते. भाचीच्या मैत्रिणींमध्ये मात्र मला रंग दिसला नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या या मुली गर्भपाताचा हक्क २०२२ साली न्यायालयात गमावलेल्या पिढीतल्या आहेत, आणि तरीही प्रचाराला जायला कोणी उठत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. त्यांच्या कानाला जखम झाली आणि सभेला आलेला एक माणूस आपल्या कुटुंबाला वाचवताना ठार झाला. दोनच दिवसांपूर्वी आम्ही त्याच राज्यातून आलो होतो. त्या रात्री कोणाच्याच तोंडी निवडणुकीचा हिशेब नव्हता. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मात्र ताईंचा फोन पुन्हा वाजू लागला आणि बेथलेहेमपासून ईरीपर्यंत सगळ्यांचे म्हणणे एकच होते : मूठ उंचावलेल्या ट्रम्प यांचे ते छायाचित्र आणि आपल्या उमेदवाराची ती वादचर्चा, आता लोक ही दोनच चित्रे शेजारी ठेवून पाहणार.

रविवार, २१ जुलै आणि त्यानंतर : एडिसन

दुपारी पावणेदोनच्या सुमारास बायडेन यांनी पत्र प्रसिद्ध करून माघार घेतली आणि थोड्याच वेळात हॅरिस यांना पाठिंबा दिला. माउंट एअरीच्या परिचारिका बाईंनी त्याच रात्री नोंदणी मोहिमेत नाव दिले. स्क्रँटनच्या काकांना वाईट वाटले, काकूंना सुटल्यासारखे वाटले. आम्ही दोघी सप्टेंबरपासून शनिवारी बेथलेहेमला जाऊन दारे ठोठावत होतो.

५ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे १ लाख २० हजार मतांनी आणि मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. नॉर्थॅम्प्टन आणि ईरी दोन्ही परगणे त्यांच्याकडे गेले, लॅकवाना हॅरिस यांच्याकडे जेमतेम राहिला, आणि डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले. ईरीच्या धाकट्या मुलाने हॅरिस यांना मत दिले, हे त्याच्या वडिलांनी फोन करून कळवले. साडेतीन महिन्यांऐवजी वर्षभर मिळाले असते आणि प्रायमरीत खरी निवड झाली असती तर निकाल बदलला असता का, यावर ताईंचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. बदलला असता असे मला वाटते. ताईंनी आता आमच्या मतदान केंद्रापुरत्या पक्षसमितीच्या जागेसाठी उभे राहायचे ठरवले आहे, आणि अर्जाला लागणाऱ्या सह्या गोळा करायला आम्ही येत्या रविवारी शेजारच्या गल्लीपासून सुरुवात करणार आहोत.